आसीरचा किल्ला, बुऱ्हाणपूरची पेठ

(बुऱ्हाणपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बलाढ्य शेजारी एकमेकांशी भांडत असताना लहान देशाने आपला व्यापार कसा राखावा आणि कोणाशी किती सलगी करावी, हा आजचा विषय. त्यासाठी हनोईची किंवा कोलंबोची उदाहरणे घेता येतील, आणि ती मी थोडी घेणारही आहे. पण आपण ज्या गावात बसलो आहोत, ते गावच अशा एका लहान राज्याची राजधानी होते. फारुकी घराण्याने १३८२ पासून १६०१ पर्यंत, म्हणजे सव्वादोनशे वर्षांच्या आसपास, खानदेशावर राज्य केले. या काळात तीन बाजूंचे शेजारी त्यांच्याहून मोठे होते. आज शाळेत मोगल शिकवतात, मराठे शिकवतात; फारुकी दोन ओळींत संपतात. मला ते मनापासून खटकते. आजच्या छोट्या राष्ट्रांपुढे जो पेच आहे, तोच या राज्याने पिढ्यान्पिढ्या हाताळला. तो कधी शहाणपणाने हाताळला, तर कधी फार महागात पडेल अशा रीतीने.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला गुजरातची सलतनत आणि तिच्या ताब्यातली सुरत, भडोच, खंबायत ही बंदरे. उत्तरेला नर्मदेपलीकडे माळवा आणि मांडूचे तख्त. दक्षिणेला आधी बहमनी राज्य, ते फुटल्यावर अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही. या सगळ्यांच्या मधोमध आपले तापीचे खोरे. जमीन काळीभोर, कापूस भरपूर, पण राज्याची रुंदी अशी की शत्रूची फौज सीमा ओलांडून थोड्याच दिवसांत राजधानीच्या वेशीवर यावी. सैन्याच्या बळावर हे राज्य कोणाही एका शेजाऱ्यापुढे उभे राहू शकत नव्हते, आणि ते फारुकींना पहिल्याच पिढीत कळले.

मूळ पुरुष मलिक राजा. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये त्याला थाळनेरची जहागीर दिली. दिल्लीची पकड ढिली झाल्यावर तो स्वतंत्र झाला आणि त्याने माळव्याच्या दिलावरखान घोरीशी सोयरीक केली: आपली मुलगी त्याच्या मुलाला दिली, त्याची मुलगी आपल्या मुलाला केली. या सोयरिकीच्या भरवशावर त्याने गुजरातच्या सुलतानपूर-नंदुरबारवर हात टाकला. गुजरातचा जफरखान चालून आला, त्याने थाळनेरला वेढा घातला आणि मलिक राजाला घेतलेला मुलूख मुकाट्याने परत करावा लागला. माळव्याशी झालेल्या सोयरिकीमुळे गुजरातची फौज थांबली नाही.

त्याचा मुलगा नासिरखान. बुऱ्हाणपूर वसवले ते यानेच. खुलदाबादच्या बुऱ्हानुद्दीन औलियांच्या नावाने हे शहर, आणि तापीच्या पलीकडच्या काठावर जैनुद्दीन औलियांच्या नावाने जैनाबाद. आसीरचा किल्ला त्याने आसा अहिराकडून कपटाने घेतला. डोल्यांतून बायकामंडळी येताहेत असे भासवून आत सैनिक घुसवले, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. म्हणजे आपल्या राज्याचे दोन खांब एकाच माणसाच्या हातून उभे राहिले: सातपुड्याची खिंड अडवून बसलेला आसीरगड, आणि त्याच्या दक्षिणेला सहा-सात कोसांवर सगळ्यांना खुली असलेली ही पेठ. यातला कोणता खांब राज्याला खरा आधार देत होता, यावर मला आज बोलायचे आहे.

नासिरखानाचा धाकटा भाऊ हसन थाळनेरला होता. १४१७ मध्ये नासिरखानाने माळव्याची कुमक आणून थाळनेर घेतले. विजयाच्या भरात तोही नंदुरबार-सुलतानपूरकडे वळला आणि बापाच्याच वाटेने परत आला. गुजरातच्या अहमदशाहापुढे त्याला मान तुकवावी लागली, आणि अहमदशाहाने त्याला ‘खान’ हा किताब दिला. पुढे हसन गुजरातच्या आश्रयाला गेला आणि त्याचे वंशज तिथेच राहिले. हे कुटुंब लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचे आहे.

मग १४२९ च्या सुमारास नासिरखानाने आपली मुलगी बहमनी राजपुत्र अलाउद्दीन अहमद याला दिली. माळवा झाला, गुजरात झाला, आता बीदर. पुढे अलाउद्दीन गादीवर बसल्यावर सासरी आपली उपेक्षा होते, अशी तक्रार मुलीने बापाकडे कळवली. नासिरखानाने हे कारण धरून, गुजरातची संमती घेऊन, वऱ्हाडावर स्वारी केली. वऱ्हाडातल्या काही सरदारांनीही त्याला बोलावले होते. बहमनींचा सेनापती मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन याने त्याला रोहणखेडला गाठले. रोहणखेड आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, इथून फार लांब नाही. तिथे नासिरखान हरला. पाठलाग करत आलेल्या फौजेने बुऱ्हाणपूर लुटले, वाडे जाळले. नासिरखान धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यात शिरला, तिथेही हरला आणि १४३७ मध्ये थोड्याच दिवसांत मरण पावला. गुजरातची मदत निघाली होती, पण ती वेळेवर पोचली नाही.

या प्रसंगापाशी मी दरवेळी थांबतो. इतिहासकार त्याला ‘राजकीय विवाह’ म्हणून पुढे जातात. पण या समतोलाची किंमत कोणी दिली? त्या मुलीने दिली, आणि या शहरातल्या ज्यांची घरे जळली त्यांनी दिली. फारुकींच्या प्रत्येक पिढीत एखादी मुलगी मांडूला, एखादी बीदरला, एखादी अहमदाबादला, शेवटी एक अकबराच्या जनान्यात गेली. बखरकारांना त्यांच्या बापांची आणि नवऱ्यांची नावे पुरेशी वाटली. परराष्ट्रधोरण म्हटले की आपण सुलतान आणि वकील पाहतो. तहाचे ओझे मात्र ज्यांना कोणी विचारले नाही त्यांच्या डोक्यावर ठेवलेले असते.

रोहणखेडनंतर खानदेशाने रीत बदलली. गुजरातला खंडणी द्यायची, नाव त्यांचे मोठे मानायचे आणि घरात आपला कारभार आपण करायचा. या रीतीने राज्याला स्वास्थ्य मिळाले. १४५७ ते १५०१ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या आदिलखानाने पूर्वेला गोंडवनाकडे हात पसरले, आसीरची तटबंदी वाढवली, इथे तापीकाठी किल्ला बांधला. पण बळ आल्यावर त्याने खंडणी थांबवली. १४९८ मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगडा फौज घेऊन निघाला, तेव्हा आदिलखानाने थकबाकी चुकती केली आणि फौज परत गेली. काही अभ्यासक याला नामुष्की म्हणतात. मला तसे वाटत नाही. पैसे दिले, शहर वाचले. १४३७ मध्ये मान राखायला गेले आणि शहर जळाले. ज्याच्या खांद्यावर सबंध पेठेची जबाबदारी आहे, त्याने या दोनांतले काय निवडावे, हे मला तरी स्पष्ट दिसते.

मात्र खंडणीचा एक धोका आहे, आणि तो १५०८ मध्ये उघडा पडला. त्या वर्षी खानदेशचा सुलतान दाऊदखान वारला. त्याच्या मुलाला गादीवर बसून पुरते दोन आठवडेही झाले नसतील, तोच विषप्रयोग झाला. गादी रिकामी. अहमदनगरच्या निजामशाहाने आलमखान नावाचा एक वारस पुढे केला. महमूद बेगड्यानेही आपला उमेदवार काढला, त्याचेही नाव आलमखान! हा दुसरा आलमखान म्हणजे १४१७ मध्ये थाळनेर गमावलेल्या हसनचा वंशज, आणि आईकडून बेगड्याचा नातू. गुजरातने हे घराणे नव्वद वर्षे सांभाळून ठेवले होते. बुऱ्हाणपूरचे सरदार दोन तटांत विभागले गेले. निजामशाहाची फौज इथे आली, बेगड्याची थाळनेरला आली. निजामशाह मागे हटला आणि १५०९ मध्ये बेगड्याने थाळनेरला दरबार भरवून आपला नातू तिसरा आदिलखान म्हणून खानदेशाच्या गादीवर बसवला. लहान राज्याला सीमेवरच्या फौजेपेक्षा मोठा धोका असतो तो घरातल्या दुफळीचा. सरदारांत ‘गुजरातवाले’ आणि ‘नगरवाले’ असे दोन पक्ष झाले, तेव्हाच निर्णय बुऱ्हाणपूरच्या हातून गेला होता. फौजा नंतर आल्या.

पुढची तीस वर्षे खानदेश गुजरातच्या इतका जवळ गेला की दोघांचे नशीब एक झाले. खानदेशचा मीरान मुहम्मद हा गुजरातचा सुलतान बहादूरशाह याचा भाचा. तो मामाच्या प्रत्येक मोहिमेत सामील झाला. हुमायूनने गुजरात घेतल्यावर त्याची फौज साहजिकच खानदेशातही उतरली. १५३७ मध्ये दीवजवळ पोर्तुगीजांशी झालेल्या चकमकीत बहादूरशाह मारला गेला आणि गुजरातच्या सरदारांनी भाच्याचीच सुलतान म्हणून निवड केली. खुतब्यात त्याचे नाव वाचले गेले. पण अहमदाबादला पोचण्याआधीच, मे १५३७ मध्ये, तो वाटेत वारला.

आता पेठेकडे येतो.

सुरतेहून आग्र्याला जाणारा माल तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, थाळनेर, बुऱ्हाणपूर असा वर येई, आसीरच्या खिंडीतून नर्मदेवर उतरे आणि पुढे माळव्यातून जाई. दख्खनचा माल बाळापूरकडून इथेच येऊन मिळे. १५८० च्या दशकात राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी बाळापूरच्याच वाटेने आला. इथे होणारे भरपूर सुती कापड, पांढरे आणि छापील-रंगवलेले, त्याने नोंदवले. धान्याची मुबलकता नोंदवली. चांदीच्या गोल, जाड नाण्याची दखल घेतली. आणि मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरेही त्याने पाहिली. पावसाळ्यात रस्त्यांत इतके पाणी की घोडा घालावा लागे. कापडाला जगात मागणी आणि कापड विणणाऱ्याच्या डोक्यावर गवताचे छप्पर, हे चित्र त्यात आहे. सूत कातणारे, विणणारे, रंगारी, बैलांचे तांडे घेऊन फिरणारे, हुंड्या करणारे सराफ अशा किती हातांनी ही पेठ चालत होती! त्यांच्यातल्या कोणाचे नाव आपल्याला ठाऊक नाही, पण फारुकींच्या वकिलांना दरबारोदरबारी जी पत होती ती या हातांच्या जोरावर. गुजरातला बंदरांसाठी माल हवा होता, माळव्याला समुद्राची वाट हवी होती, नगरला उत्तरेची. प्रत्येकाला हा रस्ता चालू राहायला हवा होता, आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या एकट्याच्या ताब्यात जाणे कोणालाच परवडणारे नव्हते. खानदेश इतकी वर्षे जगला तो या ‘कोणालाच’मुळे.

आजही हे असेच चालते. १९५२ मध्ये तेव्हाच्या सिलोनने, म्हणजे आजच्या श्रीलंकेने, चीनशी करार केला, आपले रबर द्यायचे आणि तांदूळ घ्यायचा. कोरियात युद्ध चालू होते, अमेरिकेची नाराजी ओढवणार हे उघड होते, आणि सिलोनचे सरकार काही साम्यवादी नव्हते. पण लोकांना भात हवा होता आणि रबराला गिऱ्हाईक हवे होते. व्हिएतनामने २०२३ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांना हनोईत बोलावून संबंधांचा दर्जा वाढवला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात चीनच्या अध्यक्षांचेही तितक्याच अगत्याने स्वागत केले. काही लोक याला दुटप्पीपणा म्हणतात. ज्यांनी या दोन्ही देशांच्या फौजा आपल्या भूमीवर पाहिल्या आहेत, त्यांना हा शब्द लावण्याचा अधिकार कोणाला पोचतो, असा माझा प्रश्न आहे.

पण या खेळाला एक अट आहे. प्रतिस्पर्धी दोन तरी हवेत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही अट मोडली. अकबराने माळवा घेतला. त्याचा सरदार पीर मुहम्मद माळव्याचा पळता सुलतान बाजबहादूर याच्या मागावर खानदेशात शिरला आणि त्याने बुऱ्हाणपुरात कत्तल केली. मग खानदेशचा दुसरा मुबारकशाह, बाजबहादूर आणि वऱ्हाडचा तुफालखान एकत्र आले. पीर मुहम्मद माघार घेताना १५६२ मध्ये नर्मदेत बुडाला. हा विजय किती टिकला? १५६४ मध्ये अकबर स्वतः मांडूला आला आणि मुबारकशाहाने त्याला आपली मुलगी दिली. १५७३ मध्ये गुजरात संपला. १५७४ मध्ये नगरने वऱ्हाड गिळले. वऱ्हाडची बाजू घ्यायला गेलेल्या खानदेशाला त्याची सजा मिळाली, बुऱ्हाणपूर पुन्हा लुटले गेले. आता एका बाजूला मोगल आणि दुसऱ्या बाजूला आपसांत भांडणारी दख्खन एवढेच उरले.

अशा वेळी, १५७६ मध्ये, राजा अलीखान गादीवर आला. या शहराने पाहिलेल्या राज्यकर्त्यांत मी त्याला सर्वांत वर ठेवतो.

त्याने ‘शाह’ हा किताब सोडला आणि अकबराचे वर्चस्व मान्य केले. पण १५८६ मध्ये अकबराचा दूधभाऊ अझीझ कोका माळव्यातून दख्खनवर निघाला, तेव्हा राजा अलीखानाने नगरच्या फौजेला जाऊन मिळणे पसंत केले. कोकाने अचलपूर लुटले, पण दोन्ही फौजा मागावर आहेत हे पाहून तो नंदुरबारमार्गे गुजरातेत निघून गेला. खानदेशातून मोगली फौजेला वाट मिळाली नाही, आणि तरी अकबराशी संबंध तुटले नाहीत.

१५९१ चा प्रसंग तर बारकाईने पाहण्यासारखा आहे. नगरचा बुऱ्हाण निजामशाह अकबराच्या आश्रयाला होता. नगरात त्याचाच मुलगा गादीवर आणि सत्ता जमालखानाच्या हाती. बुऱ्हाणला गादी मिळावी, अशी अकबराची इच्छा. राजा अलीखानाने बुऱ्हाणला मदत केली, विजापूरलाही या कामात जोडून घेतले, रोहणखेडला जमालखानाचा पराभव केला, तो तिथे मारला गेला, आणि बुऱ्हाण नगरच्या तख्तावर बसला. अकबराचे काम झाले, पण मोगल फौज तापी ओलांडून आली नाही. दख्खनच्या राजाला दख्खनच्याच फौजांनी गादीवर बसवले. दीडशे वर्षांपूर्वी नासिरखान ज्या रोहणखेडला सगळे हरला, तिथेच हे घडले. त्याच वर्षी अकबराचा वकील म्हणून कवी फैजी इथे आला. राजा अलीखानाने त्याचा मोठा सन्मान केला.

त्याच्या मनाची ठेवण पाहायची तर आपल्या जामा मशिदीत जा. ती त्यानेच बांधली. आतल्या भिंतीवर अरबी लेख आहे, आणि त्याबरोबर देवनागरीत कोरलेला संस्कृत लेख. सृष्टिकर्त्याला वंदन, मग राजा मलिकापासून फारुकी वंशाची नामावळी, आणि शेवटी काळ: संवत १६४६, शके १५११, पौष मास, शुक्ल पक्ष, सोमवार; तिथीची घटिका, नक्षत्र, योग, करण सगळे पंचांगाप्रमाणे. मशिदीच्या भिंतीवर ज्योतिषाने मांडून दिलेला मुहूर्त! हे कोणाला वाचता यावे म्हणून कोरले? इथल्या सराफांना, कारकुनांना, ब्राह्मणांना. ज्या पेठेवर राज्य उभे आहे, तिच्या लोकांना त्यांच्या लिपीत आणि त्यांच्या कालगणनेत तो आपली ओळख सांगत होता. बाहेर दोन बाजू सांभाळायच्या तर आत सगळे आपले हवेत, हे १५०८ चा धडा गिरवलेल्या घराण्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागले नसेल.

शेवटी दोर तुटलाच. बुऱ्हाण निजामशाह मेल्यावर नगरात यादवी माजली, मोगल दख्खनेत उतरले आणि राजा अलीखानाला त्यांच्या बाजूने फौज घेऊन जावे लागले. १५९७ च्या आरंभी गोदावरीकाठी आष्टीजवळ विजापूरच्या सुहेलखानाशी लढाई झाली. खानखानान रहीम मोगलांचा सेनापती. धुमश्चक्रीत राजा अलीखान दिसेना, तेव्हा तो शत्रूला फितूर झाला असे समजून मोगल सैनिकांनी त्याचीच छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी रणांगणात त्याचे प्रेत सापडले. तो त्यांच्यासाठी लढता लढता पडला होता. आयुष्यभर दोघांना सांभाळणाऱ्याच्या वाट्याला हा संशय यावा, याचे मला आजही वाईट वाटते.

त्याचा मुलगा बहादूरखान याने वेगळे ठरवले. अकबराचा मुलगा शाहजादा दानियाल बुऱ्हाणपुरावरून गेला, तेव्हा तो भेटीला उतरला नाही. १६०० मध्ये अकबर स्वतः आला, तरी तो आसीरवर दारे लावून बसला. किल्ला बळकट, दारूगोळा, धान्य, पाणी सारे भरलेले. अकबर मात्र सरळ खाली बुऱ्हाणपुरात येऊन राहिला. पेठ त्याच्या हाती, रस्ता त्याच्या हाती. गडावर माणसांची आणि जनावरांची दाटी, त्यात रोगराई. ऑगस्टमध्ये अहमदनगरही पडले आणि बाहेरून मदतीची आशा मावळली. जानेवारी १६०१ मध्ये आसीर शरण आला. बहादूरखानाला ग्वाल्हेरला पाठवले आणि खानदेशाचे नाव दानियालवरून ‘दानदेश’ ठेवले गेले. जामा मशिदीत अकबराच्या विजयाचा फारसी लेखही कोरला गेला. तो मीर मासूम भक्करीने लिहिलेला.

बहादूरखानाने काय करायला हवे होते, हे विद्यार्थी मला विचारतात. माझे उत्तर असे की त्याने भेटीला जायला हवे होते. राज्य कदाचित तरीही गेले असते. अकबराला दख्खनचा दरवाजा हवाच होता. पण बाप ज्या बळावर वाटाघाट करत होता ते बळ गावात होते, गडावर नव्हते. गाव सोडून तो वर गेला तेव्हा त्याच्याजवळ मोलभाव करण्यासारखे काही उरले नाही.

यावर आपल्याकडचे एक म्हणणे असे, की मोगलांच्या काळात बुऱ्हाणपूरची भरभराटच झाली. ते खरे आहे. रहीम इथे राहिला, शाही हमाम झाले, कुंडी भंडारा ही पाणीपुरवठ्याची योजना झाली, इथले कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत गेले. पण त्याचबरोबर हेही वाचा. आसीर घेतल्यावर अकबराने या सुभ्याचा महसूल निम्म्याने वाढवला, ही नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. आणि हे शहर दख्खनच्या युद्धाची कायमची छावणी झाले. १६३० मध्ये शाहजहान नगरची मोहीम घेऊन इथे येऊन राहिला, आणि त्याच वेळी गुजरात-दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी त्या हिवाळ्यात सुरतेहून बुऱ्हाणपूरला आला. वाटेवर पडलेल्या प्रेतांचे त्याने केलेले वर्णन वाचवत नाही. बादशहाने इथे लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, काही महसूल माफ केला. मात्र मोहीम थांबली नाही, आणि फौजेला दाणा-वैरण लागतच राहिली. फारुकींच्या दरबारातही गरिबाला कोणी विचारत नव्हते, हे मी आधी सांगितलेच. पण तापीकाठचे धान्य विणकराच्या घरी जावे की छावणीत, याचा निर्णय तोवर निदान या शहरात होत असे. १६०१ नंतर तो आग्र्याहून येऊ लागला.